आकाशातला मोंढा

वाचकहो, दिवेलागणीला तुम्ही रानातून घरी यावे, हातपाय धुऊन ओसरीवर टेकावे, आणि आतून पोराचा आवाज यावा, "थांबा बाबा, आत्ता हललो तर माझं वीस टन धान्य जाईल!" तर तुम्हाला काय वाटेल? माझ्या दाजींना वाटले, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला.

त्याचे असे झाले. दिवाळीनंतर मी अंबड तालुक्यात बहिणीकडे चार दिवस गेलो होतो. कापसाची वेचणी चालू होती, हरभऱ्याला पाणी द्यायचे होते आणि पंपाची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. म्हणजे दाजी रात्रभर रानात आणि दिवसभर चिडचिडे. त्यातच अकरावीतल्या भाच्याने शहरातल्या मावसभावाकडून एक खोका आणलेला. तो टीव्हीला जोडायचा, हातात साबणाच्या वडीएवढी बटणांची पट्टी धरायची आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेम खेळायचे. तुमच्यापैकी जे आज चाळिशी ओलांडून गेले आहेत त्यांना तो 'टीव्ही गेम'चा काळ आठवत असेल. मिशीवाला मारिओ उड्या मारी आणि घरातली मोठी माणसे बातम्यांसाठी ताटकळत.

दाजींनी मला बाजूला घेतले. "तुम्ही शिकलेले आहात. जरा समजावून सांगा त्याला. नाहीतर एक दिवस तो खोका विहिरीत जाईल."

मी समजवायला आत गेलो तो दोन तास बाहेर आलो नाही. म्हणून हा लेख.

खेळाचे नाव 'एलिट'. केंब्रिज विद्यापीठातल्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विशीतल्या विद्यार्थ्यांनी तो तयार केला आणि सप्टेंबर १९८४ मध्ये तो इंग्लंडात विक्रीला आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपले राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अंतराळात जाऊन आले होते. हा खेळ प्रथम 'बीबीसी मायक्रो' नावाच्या संगणकावर चाले. नाव परके वाटेल, पण १९८४-८५ मध्ये आपल्या केंद्र सरकारने शाळांतून संगणकाची ओळख करून देण्यासाठी 'क्लास' नावाची योजना काढली, तेव्हा निवडक शाळांना दिलेले संगणक याच जातीचे होते. पुढे १९९१ मध्ये हा खेळ निन्टेंडो कंपनीच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर आला. भाचा खेळत होता तो हाच. बेल यांनी ही आवृत्ती नंतर स्वतःच लोकांना फुकट खुली केली, त्यामुळे 'चोरीचा माल घरात आणलास' असे म्हणून रागावण्याचीही दाजींची सोय राहिली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, यानातून फिरायचे आणि दिसेल त्याला उडवायचे, त्यात सांगण्यासारखे ते काय? मलाही तसेच वाटले होते. पण या खेळात सुरुवातीला तुम्ही एका स्थानकात उभे असता. खिशात १०० क्रेडिट, म्हणजे तिथला पैसा. एक यान, त्याच्या नाकावर एक साधी लेसर तोफ, तीन क्षेपणास्त्रे आणि पोटात वीस टन माल मावेल एवढी जागा. ज्या ग्रहाभोवती हे स्थानक फिरते त्याचे नाव लेव्ह. आणि त्या लेव्हची माहिती उघडून पाहिली तर तिथे लिहिलेले आहे: श्रीमंत, शेतीप्रधान!

मग बाजारभावाचा तक्ता. धान्य, कापड, दारू, संगणक, यंत्रे, धातू, कातडी, सोने अशा सतरा जिनसा आणि त्यांचे त्या दिवसाचे भाव. जालन्याच्या मोंढ्यात ज्याने उभा जन्म काढला त्याला हा तक्ता वाचायला कोणी शिकवायला नको. 'जालना, सोने का पालना' ही म्हण व्यापारामुळेच पडली ना? शेतीच्या ग्रहावर धान्य स्वस्त आणि संगणक महाग. कारखान्यांच्या ग्रहावर संगणक स्वस्त आणि धान्य महाग. इकडचे तिकडे न्यायचे, तिकडचे इकडे आणायचे आणि मधल्या वाटेवर दरोडेखोर. लढाई येते ती या मालापायी. बरे, चांगली तोफ बसवायची तर ६,००० क्रेडिट लागतात आणि आपल्याकडे शंभर. म्हणजे आधी व्यापार आणि मग मर्दुमकी.

एका यंत्राच्या टाकीत सात प्रकाशवर्षे जाता येईल एवढेच इंधन मावते. (एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. आपला सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. खेळात हे अंतर डोळ्याची पापणी लवेतो कापले जाते. खेळच तो.) पुढच्या ग्रहावरचा भाव आधी कळत नाही. तो शेतीचा की कारखान्यांचा, राज्यकारभार कसला, एवढेच दिसते. फोन करून 'आज काय भाव फुटला?' असे विचारायची सोय नाही. म्हणून भाच्याने एक वही केली होती. रेघा मारून ग्रहाचे नाव, तारीख, धान्य, कापड, संगणक असे रकाने पाडले होते. खरे सांगतो, ती वही पाहिली आणि समजवायला आलो होतो हे मी विसरलो.

त्या वहीपेक्षाही मला ज्याचे नवल वाटले ते वेगळेच. या खेळात आठ आकाशगंगा आहेत आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. म्हणजे २,०४८ ग्रह. प्रत्येकाला नाव, लोकवस्ती, धंदा, सरकार. आणि त्या मूळच्या संगणकात खेळासाठी जागा होती जेमतेम २२ किलोबाइट. आज तुम्ही मोबाइलवर बैलजोडीचा एक फोटो काढता त्याला याच्या शंभरपट जागा लागते! मग हे सगळे मावले कसे? तर त्या दोघांनी ग्रहांची यादी साठवलीच नाही. एका आकाशगंगेसाठी सहा बाइटांचा, म्हणजे चिमूटभर, आकडा ठेवला. ठरावीक नियमाने त्याची बेरीज करत गेले की एकामागून एक ग्रह उगवत जातात. संगणकवाले त्या आकड्याला 'बीज'च म्हणतात. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी ज्या गावी 'महिको' काढली, ज्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, त्या जालन्याच्या लोकांना बीज म्हणजे काय हे मी काय सांगावे? फरक एवढाच, की संकरित बियाणे दरसाल नवे घ्यावे लागते आणि हे बीज कितीदाही पेरा, तेच पीक येते. अंबडला उगवलेला लेव्ह आणि केंब्रिजला उगवलेला लेव्ह यांत काडीचाही फरक नाही.

सुरुवातीला ते दोघे याहून किती तरी पटींनी अधिक आकाशगंगा ठेवणार होते. छापणाऱ्या कंपनीने त्यांना आवरले. बरेच केले म्हणायचे.

यानांच्या नावांचीही एक गंमत आहे. आपले यान कोब्रा, म्हणजे नाग. दुसरी अजगर, कुठले आफ्रिकेतला मांबा, पोलिसांचे यान व्हायपर, म्हणजे घोणस-फुरशाच्या कुळातले. एकाचे नाव क्रेट. तो शब्द इंग्रजांनी आपल्याकडच्या 'करैत'वरून उचलला. आपली मण्यार ती. दाजींच्या आई कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी हे ऐकले आणि म्हणाल्या, "रात्रीच्या वक्ताला नावं घेऊ नकोस रे. लांबडं म्हण."

आता लढाई. पडद्याच्या तळाशी परातीसारखे लंबगोल रडार असते. मध्ये आपण. प्रत्येक परक्या यानाची एक काडी दिसते. काडी वर उभी असेल तर ते यान आपल्यापेक्षा वर, खाली लोंबत असेल तर खाली. एवढे डोळ्यांत बसायला मला अर्धा तास लागला, भाच्याला म्हणे पाच मिनिटे. पण खरी गोम वळण्यात आहे. डावीकडची कळ दाबली तर यान डावीकडे वळत नाही, कुशीवर होते. नाक वर-खाली होते ते दुसऱ्या कळीने. म्हणजे शत्रू बाजूला असला तर आधी एवढे कुशीवर व्हायचे की तो बरोबर डोक्यावर यावा, आणि मग नाक वर खेचायचे. तो आपोआप समोर येतो. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना स्टेअरिंग उलटे फिरवायला शिकलो, तेव्हा जी तारांबळ उडाली होती तीच इथे उडते आणि त्याच रीतीने एक दिवस हाताला समजते.

तोफ सतत डागली तर तापते आणि बंद पडते. थांबून थांबून मारावे लागते. ढाल पुढची वेगळी आणि मागची वेगळी. पुढची फाटत आली की पाठ फिरवून थोडा वेळ पळावे, तेवढ्यात ती भरून निघते. नवख्याला माझा सल्ला असा, की पहिल्या काही खेपांत तीन-चार काड्या एकदम दिसल्या तर शूरपणा करू नये. कारखान्यांच्या शांत ग्रहांकडच्या वाटा धराव्यात. लेव्हच्या शेजारीच रीडक्वाट नावाचा ग्रह आहे, तिथे राज्यच नाही, नुसती बेबंदशाही. नफ्याच्या आशेने पोरे तिकडे जातात आणि लुटून घेतात. पोलिसांवर आणि स्थानकावर चुकूनही गोळी घालू नये. बंदी असलेला माल वाहिला तर पोलीस मागे लागतातच, मग तुम्ही कितीही सज्जन असा.

मारलेल्या शत्रूंवरून हुद्दा चढतो. सुरुवातीला आपली पायरी 'निरुपद्रवी'. तिथून आठ पायऱ्या चढून 'एलिट' व्हायचे तर ६,४०० याने पाडावी लागतात. भाचा तेव्हा दुसऱ्या पायरीवर होता. तिचे नाव 'बहुतांशी निरुपद्रवी'. "घरातबी तसाच आहे," बहीण चुलीपासून म्हणाली.

वाटेत मोठमोठे दगड तरंगत येतात. धडकले तर यानाचा चुरा. मला लोणार आठवले. मंठ्याहून ते काही लांब नाही. तिथे असाच एक पाहुणा कधी काळी येऊन आदळला आणि जवळजवळ पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचे विवर करून गेला. पाहिले नसेल तर मुलांना घेऊन एकदा जरूर जा.

या सगळ्यात सर्वांत अवघड काय असेल तर लढाई नव्हे, शेवटी स्थानकात शिरणे. स्थानक स्वतःभोवती गरगर फिरत असते आणि त्याला फक्त एक चपटी फट. तिच्यातून आत जायचे तर फट फिरते त्याच गतीने आपले यान फिरवत नेमके मधोमध शिरावे लागते. जरा तिरके झाले की यान, माल, सगळे संपले. दीड हजार क्रेडिट देऊन हे काम आपोआप करणारे यंत्र घेता येते, पण दीड हजार येणार कुठून?

भाचा वीस टन धान्य घेऊन झाओन्स नावाच्या कारखान्यांच्या ग्रहाशी पोहोचला होता. दरोडेखोरांना चुकवून आला होता. मागच्या खेपेला इथेच घासला होता. दाजी दारात उभे. बोलायचे नाही असे ठरवून उभे. पण ट्रॉली असो की बैलगाडी, दुसरा कोणी ती अरुंद फाटकातून घालत असला तर शेतकऱ्याला गप्प राहवत नाही.

"लांबून धर," दाजी म्हणाले. "इतक्या जवळ येऊन वळायलास तर घासणारच. माघारी जा, लांबून सरळ कर, अन् मग हळू ये."

पोराने वळून पाहिले. मग यान फिरवले, बरेच लांब नेले, फटीच्या अगदी समोर आणले आणि सावकाश आत घेऊ लागला. जुने खेळाडूही हेच सांगतात, हे दाजींना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. फट मोठी होत होत पडद्यावर आली. आजीसुद्धा वाती ठेवून बघत होत्या.

आणि लाईट गेली.

या खेळात स्थानकात उतरल्यावरच खेळ जतन करता येतो. मधल्या वाटेत वीज गेली तर शेवटच्या मुक्कामानंतरचे सगळे पाण्यात. अंधारात कोणीच बोलले नाही. मग दाजींचा आवाज आला, "शिरलं असतं ना रे?" पोरगा म्हणाला, "शिरलं असतं."

जेवणे कंदिलावर झाली. जेवताना दाजींनी वही मागितली. मोबाइलच्या उजेडात बराच वेळ पाहिली. मग बोट ठेवून मला विचारले, "हे धान्य चाराला घेऊन साडेसहाला विकायचं. वीस टनाला पन्नास सुटतात. बरोबर?"

"बरोबर."

"अन् परत येताना हे संगणक सदुसष्टला घेऊन नव्वदला. दोन टनाला शेहेचाळीस."

भाव दर खेपेला थोडे हलतात, पण हिशेब ढोबळमानाने खराच होता. वीस टन धान्य वाहून जेवढे सुटते, जवळपास तेवढेच दोन टन संगणक वाहून. म्हणून थोडे भांडवल जमले की खेळणारा धान्याला हात लावत नाही. जागा वीस टनांचीच, मग ती स्वस्त मालाने कशाला अडवायची? भाच्याने वहीत धान्याचा रकाना पाचव्या पानापासून रिकामाच ठेवला होता. दाजींनी ते पान उलटले, पुन्हा मागे आणले, आणि वही परत दिली. कापसाचा भाव त्याच दुपारी ते विचारून आले होते.

मी म्हटले, "दाजी, पण याच्यात अडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही. अन् तुम्ही वीस टन ओतले म्हणून भावही पडत नाही."

"मग तो मोंढा कसला," दाजी म्हणाले.

हे मात्र खरे. या खेळात आवक वाढली म्हणून दर कोसळत नाही, पाऊस चुकत नाही, माल भिजत नाही. काढणीच्या वेळी पडलेला सोयाबीनचा भाव ज्याने पाहिला आहे त्याला हा बाजार भाबडाच वाटेल. बहिणीने भाकरी वाढता वाढता वेगळाच प्रश्न काढला. "एवढं धान्य जातंय म्हणता, पण पिकवणारा कुठं दिसेना याच्यात." भाचा घास हातात धरून विचार करू लागला. खरेच, लेव्ह शेतीचा ग्रह, पण त्यावर उतरताच येत नाही. वरच्या स्थानकातून माल उचलायचा आणि निघायचे. खाली रान आहे, विहिरी आहेत, कोणी रात्रीची लाईट धरून पाणी देतोय, यातले काही दिसत नाही. १९९३ मध्ये निघालेल्या पुढच्या भागात ग्रहावर उतरता येऊ लागले, असे मी सांगितले. "उतरून काय करता येतं?" बहिणीने विचारले. शेती करता येत नाही, हे मला कबूल करावे लागले.

वाचकहो, तुमच्या घरी असा खोका आला तर काय करावे, हे मला अनेकजण विचारतील. माझे मत सांगतो. वेळ बांधून द्यावा, पण घड्याळाने बांधू नये. "स्थानकात उतरलास की बंद" असे सांगावे. अर्ध्या वाटेत उठवले तर त्याचे खरेच नुकसान होते आणि पोर उगाच चिडते. भावाची वही करायला लावावी. एकदा तरी शेजारी बसून पाहावे. आणि या जुन्या खेळांतला पैसा खेळातच राहतो, मोबाइलवर खरे पैसे लावून खेळायच्या खेळांशी त्यांची गल्लत करू नये. त्या पायी कित्येक घरे बुडाली. २०२५ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून तसल्या खेळांवर बंदी आणली, ती उगाच नाही. तुमच्या पोराच्या हातात कोणता खेळ आहे हे लांबून ओरडून कळत नाही, जवळ जाऊनच पाहावे लागते.

रात्री साडेअकराला पंपाची लाईट आली. दाजींनी बॅटरी घेतली, काठी घेतली, डोक्याला रुमाल बांधला. घरातलीही लाईट आली होती. भाच्याने माझ्याकडे पाहिले, मी दाजींकडे.

"एकच खेप," दाजी म्हणाले. "अन् धान्यच भर. बघू दे."

पहाटे ते परतले तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरला होता. मी चूळ भरत होतो. हातपाय धुण्याआधी त्यांनी खिडकीतून आत हाक मारली, "शिरलं का रे?"

आतून झोपेतला आवाज आला, "शिरलं. साडेसहाला गेलं."

"आमचं एक वाफा राहिला," दाजी म्हणाले आणि न्हाणीकडे वळले.